शाळेत रंगीत पॉलिश काँक्रीटचा फ्लोअर: क्रम काय, आणि हमखास कुठे फसतं

मला या कामाचे फोन येतात ते बहुतेक जून उजाडल्यावर. शाळा दहा दिवसांवर आलेली, फ्लोअरवर पांढरे चट्टे, एक वर्ग चॉकलेटी आणि शेजारचा विटकरी, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय "साहेब अजून एक हात मारतो, सारखं होईल". होत नाही. डाय म्हणजे ऑइलपेंट नाही, तो काँक्रीटच्या आत मुरतो, दुसरा हात मारला की चट्टे झाकले जात नाहीत, फक्त सगळंच गडद होतं. आणि जाऊन बघितलं की कळतं चूक डायच्या दिवशी झालेलीच नाही, ती चार महिने आधी झालीये, कोबा टाकताना, पाणी मारताना, नाहीतर रंगाऱ्याने त्यावर प्रायमरचा डबा कलंडवला तेव्हा.

म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. शाळा समितीवाले, मुख्याध्यापक, छोटे कॉन्ट्रॅक्टर, कुणीही वाचा, पण मधल्या पायरीपासून सुरू करू नका.

१. कुठे करायचं आणि कुठे नाही

वर्ग, आतला पॅसेज, लायब्ररी, ऑफिस, हॉल इथे बिनधास्त करा. टॉयलेट, पाणी प्यायच्या टाकीची जागा, हात धुवायचे नळ, खिचडी शिजते ती खोली, रॅम्प आणि जिन्याच्या पायऱ्या इथे पॉलिश नकोच, तिथे खरखरीत फरशी किंवा ब्रूम फिनिश, म्हणजे ओल्या काँक्रीटवर झाडूने रेघा ओढलेला खरखरीतपणा ठेवा. केमिस्ट्री लॅबमध्येही नको, कारण काँक्रीट आम्लाला टिकत नाही, कितीही चकचकीत केलं तरी ॲसिडचा थेंब पडला की तिथे कायमचा मॅट डाग.

व्हरांड्याची गोष्ट वेगळी. आपल्या बहुतेक शाळांचा व्हरांडा एका बाजूने उघडा, दुपारचं ऊन सरळ आत येतं, आणि हे मुरणारे डाय उन्हाला टिकत नाहीत, फिके पडतात. भिंतीकडचा अर्धा पट्टा गडद आणि कठड्याकडचा अर्धा विटलेला असा व्हरांडा मी बघितलाय. तिथे रंग हवाच असेल तर काँक्रीटमध्येच आयर्न ऑक्साईड पिगमेंट मिसळा, लाल, पिवळा, काळा, तपकिरी यातलं काहीतरी, ते उन्हाला टिकतं. पश्चिमेच्या मोठ्या खिडक्या असलेल्या वर्गातही खिडकीखाली हेच होणार, तेव्हा तिथे एकतर डाय नको नाहीतर फिका, राखाडीच्या जवळचा शेड घ्या म्हणजे उडाला तरी लक्षात येत नाही.

वरच्या मजल्यावर काम असेल तर आरसीसी स्लॅबला थेट ग्राइंडर लावायचा नाही. सळईवरचं कव्हर तुम्ही घासून कमी करताय हे विसरू नका. त्यावर वेगळं ५० ते ७५ मिमीचं टॉपिंग, म्हणजे काँक्रीटचा जादा थर टाकायचा आणि पॉलिश त्याला करायचं, अर्थात त्या जादा वजनाला स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी सही घेऊन.

जुन्या शाळेत कोटा, शहाबादी किंवा मोझॅक असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, त्यांचं पॉलिश वेगळं. जुना कोबा असेल तर आधी हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकून बघा. "टक्क" आवाज आला तर चांगलं, "ढब ढब" आलं तर खाली पोकळ आहे, ग्राइंडर फिरला की तेवढा भाग पापुद्र्यासारखा सुटणार. आणि जुना रेड ऑक्साईडचा कोबा चांगल्या स्थितीत असेल तर देवाच्या नावाने त्यावर डाय मारू नका, ऑक्साईडचा तो थर पातळ असतो, ग्राइंडर लावलात तर आहे तो रंगही जाईल. नुसता साफ करून घ्या.

चेक: जुन्या कोब्यात खड्डे भरलेले, पाइपसाठी चिरलेले, पॅच मारलेले असतील तर डाय त्या पॅचवर कधीच सारखा बसत नाही. पॅच जास्त असतील तर डायचा हट्ट सोडा, नुसतं राखाडी पॉलिश करा. ते वाईट दिसत नाही.

२. आधी कॅलेंडर काढा

सगळ्यात मोठी चूक इथेच. "मेच्या सुट्टीत सगळं उरकू" म्हणतात. आता हिशोब करा. २ मेला काँक्रीट टाकलं, २८ दिवस धरले की ३० मे आला. पुढे सहा वर्गांचं ग्राइंडिंग, डाय, पॉलिश म्हणजे दहा-पंधरा दिवस सहज, तोवर कोकणात पाऊस आणि जूनच्या मध्याला शाळा सुरू. विदर्भात शाळा थोडी उशिरा उघडते तेवढीच सवलत. म्हणजे नवीन काँक्रीट आणि पॉलिश एका सुट्टीत बसतच नाही. बसवायला गेलं की कोणीतरी २८ चे १० दिवस करतो, आणि मग ओल्या काँक्रीटवर डाय मारला जातो.

माझ्या मते काँक्रीट दिवाळीच्या सुट्टीत, पॉलिश मे महिन्यात. नवीन इमारत असेल तर जानेवारीअखेर सगळे कोबे टाकून झालेले पाहिजेत. आतून गिलावा, वायरिंग, छताचा रंग, भिंतीचा प्रायमर हे सगळं पॉलिशच्या आधी. भिंतीचा शेवटचा हात मात्र पॉलिशनंतर, कारण ग्राइंडर भिंतीच्या खालच्या वीतभर भागावर पाणी आणि राखाडी चिखल उडवतोच. बाक आणि कपाटं सगळ्यात शेवटी.

अजून एक, आणि हे कोणी विचारत नाही: मोठ्या ग्राइंडरला थ्री फेज लागते. बऱ्याच खेड्यातल्या शाळेत सिंगल फेजचं मीटर असतं. मशीन टेम्पोतून उतरल्यावर हे कळलं तर जनरेटर शोधण्यात दोन दिवस जातात आणि ते भाडं कोण देणार यावर तिसरा.

३. काँक्रीट टाकताना

पॉलिश म्हणजे काँक्रीटचीच कातडी घासून चमकवणं, त्यामुळे काँक्रीट जसं तसा फ्लोअर. एम२५ च्या खाली जाऊ नका, जमलं तर एम३० (हे काँक्रीटच्या ताकदीचे ग्रेड, आकडा मोठा तेवढं मजबूत), पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ ते ०.५० च्या आत. गवंड्याला ओतायला सोपं जावं म्हणून मिक्सरमध्ये बादली बादली पाणी घालतात ना, ते इथे चालणार नाही, वरची कातडी पिठासारखी होते. मिक्स जड वाटत असेल तर प्लास्टिसायझर वापरा, म्हणजे पाणी न वाढवता मिक्स सैल करणारं केमिकल.

सिमेंटबद्दल थोडं. बाजारात पटकन मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे मिश्र सिमेंट, त्यात फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) असते. डेन्सिफायर, म्हणजे वरचा पृष्ठभाग कडक करणारं द्रव, जो आपण पुढे मारणार तो काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साईडशी रिॲक्ट होऊन कडक होतो, आणि फ्लाय ॲश तोच चुना खाते. त्यामुळे मिळत असेल तर ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेलं साधं सिमेंट घ्या. रेडीमिक्स मागवत असाल तर सगळ्या वर्गांना एकाच प्लँटचं, एकाच डिझाइनचं मागवा, कारण फ्लाय ॲशचं प्रमाण बदललं की बेसचा राखाडी रंग बदलतो आणि डाय त्यावर वेगळा दिसतो. चॉकलेटी-विटकरी वर्गांचं कोडं बऱ्याचदा इथेच सुटतं.

तळमजल्यावर मुरूम-सोलिंगच्या वर आणि काँक्रीटच्या खाली २५० मायक्रॉनचा पॉलिथिन पेपर टाका, जोड वीतभर एकावर एक घेऊन. काळ्या मातीच्या भागात हे केलं नाही तर पावसाळ्यात खालून ओल चढते आणि फ्लोअरवर पांढरा क्षार फुटतो.

फिनिशिंग ट्रिमिक्सने (जादा पाणी व्हॅक्यूमने ओढून घ्यायची पद्धत) करा किंवा पॉवर फ्लोटरने (घोटाईचं मशीन), पण सपाट पाहिजे. ३ मीटरची ॲल्युमिनियम पट्टी ठेवून खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर पुढे ग्राइंडर उंचवट्यावर जास्त खाणार, खड्ड्यात कमी, आणि एकाच वर्गात कुठे खडी उघडी कुठे वरची सिमेंटची साय तशीच असा नकाशा होणार.

सावधान: घोटाई करताना वर पाणी आलं की आपले मिस्त्री त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरतात आणि थापीने घोटून घेतात. वर्षानुवर्षांची सवय आहे, हात आपोआप गोणीकडे जातो. पॉलिशच्या फ्लोअरला हा पक्का घात. तो थर कमजोर, काही ठिकाणी पापुद्रा निघतो, काही ठिकाणी राहतो, आणि डाय लागला की प्रत्येक मूठ कुठे पडली ते दिसतं. ओतायच्या दिवशी सिमेंटची उघडी गोणी त्या खोलीत ठेवूच नका.

जॉइंटचा कटर फार तर दुसऱ्या दिवशीपर्यंत मारायचा. उन्हाळ्यात सहा ते अठरा तासांच्या आत, जाडीच्या पाव खोलीचा, १०० मिमी जाडीला साधारण ३-३ मीटरवर. उशीर केलात तर काँक्रीट स्वतःच फुटून जॉइंट तयार करतं, तुम्हाला हवा तिथे नाही. खांबाच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा हमखास निघतात म्हणून खांबाभोवती वेगळा चौकोन कापून घ्या.

४. क्युरिंग आणि राखण

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात ओलं ठेवायचे किमान ७ दिवस, पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला १०, आणि हवा कोरडी-गरम असेल तर १० आणि १४ दिवस सांगितलेत. दिवसांवर कोणी वाद घालत नाही. बिघडतं ते कशाने ओलं ठेवलं यावर.

आळी करून पाणी साठवलं तर आळ्याच्या मातीची रेघ राहते. नवं गोणपाट टाकलं तर तागाचा तपकिरी रंग उतरतो. प्लास्टिक थेट टाकलं तर जिथे घडी पडली तिथे गडद शिरा उमटतात, अगदी शिरा काढल्यासारख्या, आणि त्या बऱ्याच खोल जातात. वॅक्सवालं क्युरिंग कंपाउंड मारलं तर डाय आत जाणारच नाही. मग करायचं काय? पांढरं सुती जुनं कापड किंवा जिओटेक्स्टाईल (बांधकामाचं जाड कृत्रिम कापड), स्वच्छ धुतलेलं, सपाट पसरून, सतत ओलं. सतत म्हणजे सतत, सकाळी भिजवून दुपारी वाळलं आणि संध्याकाळी परत भिजवलं असं नाही.

नंतर तीन-चार महिने हा फ्लोअर उघडा पडून राहणार आणि त्यावर इतर सगळे कामगार वावरणार. इथे समितीने कडक व्हायचं. फ्लोअरवर सळई कापायची नाही आणि ठेवायची नाही, गंज मुरतो. मिक्सर किंवा कटरचं तेल नको. पेन्सिल किंवा खडूने आखणी चालेल, मार्करने नाही. चिकटपट्टी लावायची नाही, गोंद मुरतो आणि नेमकी तेवढी पट्टी डाय घेत नाही. तंबाखू-गुटख्याची पिंक तर विचारू नका, कोपऱ्यात एकदा टाकलेली पिंक तीन पॅड मारूनही गेली नाही आणि वर डाय मारल्यावर तो कोपरा बाकीच्या खोलीपेक्षा वेगळाच उठून दिसला. रंगारी यायच्या आधी जाड ताडपत्रीने झाका, आणि त्यांना सांगा की डबा खाली ठेवायचा तर ट्रेमध्ये.

५. मशीन लावायच्या आधी

पाण्याचे थेंब खोलीत दहा-बारा ठिकाणी टाका. मिनिटभरात गडद डाग पडून मुरलं तर ठीक. थेंब मोत्यासारखा वर बसला तर तिथे तेल, वॅक्स किंवा रंग आहे.

ओल बघायला साधारण ४५ सेंमी बाजूचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून १६ तास ठेवा. ही टेस्ट कपाट येणार त्या जागी करा, म्हणजे टेपच्या गोंदाची खूण राहिली तरी दिसणार नाही. सकाळी आतून दव जमलेलं किंवा खालचं काँक्रीट काळपट दिसलं तर अजून ओल आहे, थांबा.

कडकपणा बघायला मोह्ज स्क्रॅच पेनांचा, म्हणजे ओरखडा काढून कडकपणा मोजायच्या पेनांचा सेट मिळतो, पॉलिशवाल्याकडे तो नसेल तर मला त्याच्याबद्दल शंका येते. नियम उलटा आहे म्हणून लोक गोंधळतात: कडक काँक्रीटला मऊ बाँडचं सेगमेंट, मऊ काँक्रीटला कडक बाँडचं. सेगमेंट म्हणजे ग्राइंडरखाली लावायचे हिऱ्याचे कण असलेले तुकडे, आणि बाँड म्हणजे ते कण धरून ठेवणारा धातू. कडक काँक्रीटवर कडक बाँड लावला की बाँड झिजत नाही, नवे हिरे बाहेर येत नाहीत, मशीन नुसतं गरगर फिरतं आणि माणूस म्हणतो "काँक्रीट लई कडक हाय".

आता सॅम्पल. स्टोअररूममध्ये किंवा कपाटामागे येणाऱ्या जागेत दोन बाय दोन मीटरचा तुकडा पहिल्या पॅडपासून शेवटच्या पॉलिशपर्यंत पूर्ण करून घ्या, त्याच मशीनने, त्याच माणसाकडून, तोच डाय. कॅटलॉगमधला रंग विसरा. तो बहुतेक फिक्या काँक्रीटवर मारलेला असतो, आणि आपल्याकडे खडी म्हणजे काळा बेसाल्ट, वाळू म्हणजे क्रश सँड, ती पण काळीच. डाय पारदर्शक असतो, खालच्या राखाडीवर पिवळा मारला की शेवाळी दिसतो, आकाशी मारला की मळका. विटकरी, तपकिरी, गडद हिरवा, कोळशाचा काळा हे आपल्या काँक्रीटवर चालतात. मुख्याध्यापक, समिती आणि कॉन्ट्रॅक्टर तिघांनी सॅम्पलवर सही करायची आणि ताबा घेईपर्यंत त्यावर काही करायचं नाही.

चेक: खडी किती उघडी करायची हेही सॅम्पलवरच ठरवा. नुसती वरची साय घासली तर रंग एकसारखा पण ट्रॉवेलच्या खुणा दिसतात. साधारण दीड मिमी घासलं की वाळूचे दाणे दिसतात, मीठ-मिरी टाकल्यासारखं, शाळेला मला हेच आवडतं. ३ मिमीच्या पुढे खडी उघडी पडते, आणि बेसाल्टची काळी खडी डाय जवळजवळ घेतच नाही, मग डायचे पैसे कशाला घालवायचे.

६. ग्राइंडिंग

जॉइंटमधली माती काढून घ्या, बारीक चिरा आणि छिद्रं भरून घ्या. मग मेटल सेगमेंट: ४०, ८०, १५० ग्रिट (ग्रिट म्हणजे घासणीचा बारीकपणा, आकडा मोठा तेवढी बारीक). मग रेझिन पॅड: १००, २००. १५० मेटलनंतर परत १०० रेझिन का, असं सगळेच विचारतात. मेटलने पडलेले ओरखडे रेझिनने पुसायचे असतात म्हणून एक पायरी मागे येऊन सुरू करायचं.

एकही ग्रिट गाळायचा नाही. ४० चा ओरखडा ८० नेच जातो, २०० ने नाही, २०० त्याला फक्त चमकवतो. राखाडी फ्लोअरवर तो डोळ्याला दिसत नाही आणि फसगत तिथेच होते, कारण डाय ओरखड्यात जास्त मुरतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गभर गोल गोल जिलब्या दिसायला लागतात. प्रत्येक पुढचा ग्रिट आधीच्याच्या आडव्या दिशेने चालवा आणि मध्ये एकदा फरशी पुसून, मोबाईलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा उजेड टाका. उभ्याने बघू नका, गुडघ्यावर बसा.

भिंतीकडेचा वीतभर पट्टा मोठ्या मशीनला मिळत नाही, तो हँड ग्राइंडरने करावा लागतो. तो शेवटी उरकायचा ठेवला की फोटोफ्रेमसारखी चौकट दिसते. म्हणून प्रत्येक ग्रिटला आधी कडा, मग मधला भाग.

सावधान: काँक्रीटच्या कोरड्या धुळीत सिलिका असते. तिने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग होतो, बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडिंग करणारा पोरगा दिसला तर काम थांबवा. हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळ अडवणारा) व्हॅक्यूम आणि नीट बसणारा एन९५ किंवा त्यावरचा मास्क पाहिजे. ओलं ग्राइंडिंग केलं तर धूळ नाही पण राखाडी स्लरी होते, ती अल्कलाइन असते, हात सोलते. ती शाळेच्या मोरीत किंवा बागेत सोडू नका, व्हॅक्यूमने उचलून गोणीत वाळवून काढा. मोरीत सोडली तर पाइपमध्ये दगड होते, मग फोडाफोडी.

७. डाय

इथे घाई केली की आतापर्यंतचं सगळं पाण्यात. २०० ग्रिट झाल्यावर, डेन्सिफायरच्या आधी मी डाय मारतो, तेव्हा छिद्रं उघडी असतात. काही कंपन्यांच्या सिस्टिममध्ये आधी डेन्सिफायर असतो, तुमच्या डब्याच्या डेटाशीटवर तसं असेल तर तेच पाळा, आणि डाय एका कंपनीचा न् डेन्सिफायर दुसरीचा असं करू नका. फ्लोअर पूर्ण कोरडा पाहिजे, ओलं ग्राइंडिंग केलं असेल तर किमान एक पूर्ण दिवस पंखे लावून वाळवा.

बरेच डाय ॲसिटोनमध्ये मिसळतात. ॲसिटोन लगेच उडतो, काम झपाट्याने होतं, पण उणे २० अंशालाही त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत पसरत शेजारच्या खोलीत जाते, जिथे कोणीतरी चहाला गॅस पेटवलेला असतो. इमारतीत दुसरीकडे माणसं असतील, उन्हाळी वर्ग चालू असतील तर ॲसिटोनचा विचारच सोडा, पाण्यात मिसळणारे डाय मिळतात, वाळायला वेळ लागतो एवढंच. ॲसिटोन वापरणारच असाल तर दारं-खिडक्या उघड्या, त्या बाजूचा मेन स्विच बंद, ग्राइंडर-व्हॅक्यूम-चार्जर काही चालू नाही, बिडी नाही, फायर एक्स्टिंग्विशर दारात, आणि उरलेला डाय रात्री शाळेत ठेवायचा नाही.

मिसळताना एका खोलीला लागणारा सगळा डाय एका मोठ्या डब्यात एकत्र करा, लहान लहान डबे वेगळे मिसळले की शेड बदलतो. विरघळला की गाळून घ्या, न विरघळलेला कण फ्लोअरवर पडला की धूमकेतूसारखी शेपटी ओढतो. स्प्रे पंपाचे वायसर ॲसिटोनला टिकणारे हवेत, साधे रबरी फुगतात आणि मध्येच गळायला लागतात. नोझल गुडघ्याच्या खाली धरून, गोल गोल हात फिरवत, ओली कड तुटू न देता, खोलीच्या आतल्या कोपऱ्यातून दाराकडे यायचं. एक जाड हात नको, दोन पातळ. वर साचलेलं मायक्रोफायबरने पसरवा.

आणि घाम. हे मी स्वतः शिकलो. मे महिना, पंखे बंद, एका शाळेतला हॉल, मी आणि एक पोरगा डाय मारतोय. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळ्या हॉलभर रुपयाएवढे फिके गोल ठिपके, ओळीने, बरोबर आम्ही चाललो त्या रेषेत. कपाळावरून पडलेले घामाचे थेंब. ते शेवटपर्यंत गेले नाहीत, अजून आहेत. तेव्हापासून डायच्या दिवशी सगळ्यांच्या कपाळाला फडकं, मनगटाला फडकं, आणि काम सकाळी सहाला सुरू.

दोन रंग शेजारी हवे असतील, बाला उपक्रमात (शाळेची इमारतच शिकण्याचं साधन करायचा उपक्रम) करतात तसं आकड्यांची शिडी, लंगडीचं घर, जिल्ह्याचा नकाशा, तर नुसती टेप लावून भागत नाही. डाय टेपच्या खालून काँक्रीटच्या आतून सरकतो आणि कड केसाळ होते. आधी बारीक कटरने तीनेक मिमी खोल रेघ मारा, ती रेघ बांधासारखं काम करते, मग एका बाजूला टेप लावून दुसरी बाजू रंगवा. आणि डाय वाळला की टेप लगेच काढा.

चेक: डाय पूर्ण वाळला की वर पावडर राहते, ती पॅडने आणि स्वच्छ पाण्याने धुवा, लगेच पाणी ओढून घ्या. वाळल्यावर पांढरा ओला रुमाल घासा. जवळजवळ स्वच्छ आला की पुढे जा. रुमाल रंगला तर परत धुवा, नाहीतर पोरांचे पांढरे मोजे सांगतील.

८. डेन्सिफायर, पॉलिश, गार्ड

डेन्सिफायर शक्यतो लिथियम सिलिकेटचा घ्या, सोडियमवाला स्वस्त पण चिकट जेल होऊन बसतो, नीट धुतला नाही तर पांढरी चादर पडते. मारल्यावर वीस-तीस मिनिटं ओला राहिला पाहिजे, कुठे लवकर सुकलं तर थोडं अजून मारून ब्रशने पसरवा. जिथे साचलंय ते ओढून घ्या. रात्रभर सोडा.

मग ४०० आणि ८०० रेझिन. आणि ८०० ला थांबा. १५०० आणि ३००० चे पॅड कॉन्ट्रॅक्टर हौसेने काढतो कारण फोटो छान येतो, पण शाळेला आरसा नकोय. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आणि खिडकीचा चमकारा कमी दिसणाऱ्या मुलांना फार त्रास देतो, आणि पहिल्या पावसात तेवढी चमक वाळूने घासून जातेच.

जॉइंट आता भरा, सेमी-रिजिड इपॉक्सी किंवा पॉलियुरियाने, थोडं वर ठेवून सुकल्यावर पट्टीने सपाट कापायचं. आधी भरला असता तर ॲसिटोनने काही फिलर मऊ पडतात. त्यावर गार्ड, म्हणजे डाग अडवणारा आत मुरणारा प्रोटेक्टर, दोन अगदी पातळ हात, आणि हायस्पीड बर्निशर, म्हणजे वेगाने पॅड फिरवून चमक आणणारं मशीन. जाड ॲक्रिलिक सीलर मारून झटपट चमक आणणारे भेटतील. तो थर सोलतो, आणि ओला झाला की घसरतो.

९. घसरण तपासल्याशिवाय ताबा घेऊ नका

कोरडा पॉलिश काँक्रीट घसरत नाही. ओला, त्यावर लाल मातीची पातळ साय, आणि पाऊस चुकवत धावत येणारं पोर, हे आपलं खरं टेस्टिंग. पेंडुलम टेस्ट (झुलणारा रबरी तुकडा फ्लोअरवर घासून घसरण मोजायची चाचणी) करून मागा, ओल्या पृष्ठभागावर ३६ किंवा जास्त आकडा आला पाहिजे. कमी आला तर गार्डचा थर काढून, खालच्या ग्रिटवर परत या, हे करारात आधीच लिहून घ्या. आपल्या शाळांत चपला दाराबाहेर काढतात, ओले अनवाणी पाय आत येतात, म्हणून प्रत्येक बाहेरच्या दारात मुलाची निदान चार-पाच पावलं पडतील एवढं लांब पायपुसणं पाहिजे. वीतभर कॉयरचा तुकडा नाही.

कडक फ्लोअरवर आवाज घुमतो, हॉलमध्ये जास्तच. मागच्या भिंतीला सॉफ्टबोर्ड लावला तरी फरक पडतो.

१०. ताबा घेतल्यावर

बाकांच्या लोखंडी पायांना रबरी टोप्या घालून मगच आत घ्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात प्रत्येक पायाखाली गंजाचं गोल कडं. रोज कोरडा मायक्रोफायबर मॉप, वाळू राहू द्यायची नाही. पुसायला न्यूट्रल क्लिनर. फिनाईलने चिकट थर बसतो, त्यावर धूळ बसते, मग कोणीतरी म्हणतं पॉलिश गेलं.

खिचडी, आमटी सांडली तर लगेच पुसा. हळद मुरते, चिंच-लिंबू खातं. गॅदरिंगला रांगोळी थेट फ्लोअरवर नको, तिची पूड सँडपेपरसारखी घासते आणि लाल-गुलाबी रंग उतरतो, खाली कागद टाका.

आणि टॉयलेटच्या ॲसिडची ती बाटली. जिन्याखाली ठेवलेली असते, आणि एखाद्या शनिवारी मावशी किंवा शिपाई काका डाग निघत नाही म्हणून मनापासून चांगलं करायला जातात आणि पॅसेजवर थोडं टाकतात. फस्स करून फेस येतो, डाग जातो, सोबत पॉलिश आणि रंगही जातो. त्यांची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. ताबा घेतला त्याच दिवशी त्यांना बोलावून सॅम्पलच्या तुकड्याच्या एका कोपऱ्यात एक थेंब टाकून दाखवा.

शेवटी डायचं नाव, शेड नंबर, बॅच नंबर, किती पावडरला किती द्रव, डेन्सिफायर आणि गार्डचं नाव, तारीख, हे सगळं एका कागदावर लिहून स्टोअररूमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. दोन-चार वर्षांनी कोणीतरी दाराची चौकट बदलणार, पॅच पडणार, तेव्हा हा कागद नसेल तर मला परत जूनमध्ये फोन येईल.